टेलिफोनच्या खरखरीतून निघालेले विज्ञान

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होल्मडेल नावाचे गाव आहे. १९३१ साली तिथल्या बटाट्याच्या एका पडीक शेतात एक अगडबंब सांगाडा गोल फिरू लागला. लाकडी चौकट, तिच्यावर पितळी नळ्या, लांबी तीसेक मीटर आणि खाली फोर्ड मोटारीची चार चाके. वीस मिनिटांना एक फेरी. कार्ल जान्स्की नावाच्या पंचविशीतल्या अभियंत्याने उभारलेली ती रेडिओची अँटेना होती, आणि तिच्याकडून त्याला एकच काम करून घ्यायचे होते: खरखर ऐकणे.

खरखर ऐकण्याचा पगार देणारी कंपनी टेलिफोनची होती. १९२७ पासून न्यूयॉर्कहून लंडनला रेडिओमार्गे बोलता येऊ लागले होते. पहिल्या तीन मिनिटांना ७५ डॉलर. एवढे पैसे मोजून पलीकडून नुसते सूं-सूं ऐकू आले तर गिऱ्हाईक भडकणारच. तेव्हा हा आवाज येतो कुठून, ते शोधायला जान्स्कीला सांगण्यात आले. त्याने खरखरीची तीन प्रकारांत वाटणी केली. एक जवळच्या वादळातल्या विजांची, दुसरी दूरच्या वादळांतली, आणि तिसरी मंद, अखंड, कुठल्याच वादळाशी न जुळणारी. ही तिसरी दिवसातून एकदा वाढे. पण तिचा दिवस २४ तासांचा नव्हता, २३ तास ५६ मिनिटांचा होता. सूर्य चोवीस तासांनी जागेवर येतो. तारे मात्र रोज चार मिनिटे आधी उगवतात. म्हणजे आवाज सूर्यमालेच्याही बाहेरचा होता. धनू राशीच्या दिशेने, आकाशगंगेच्या मध्याकडून तो येत होता. १९३३ साली जान्स्कीने हे प्रसिद्ध केले आणि रेडिओ खगोलशास्त्राला सुरुवात झाली.

कंपनीच्या लेखी याचा अर्थ वेगळा होता. ही खरखर थांबवता येणार नाही, आणि तिने धंद्याचे फारसे बिघडतही नाही. प्रश्न मिटला. जान्स्कीला आकाशाचा वेध घ्यायला मोठी तबकडीसारखी अँटेना हवी होती. ती मिळाली नाही, त्याला दुसऱ्या कामाला लावण्यात आले. त्याचे काम पुढे नेले ते ग्रोट रीबर या हौशी माणसाने, १९३७ साली, इलिनॉयमध्ये घराच्या आवारात स्वखर्चाने तबकडी उभारून. जान्स्की १९५० साली ४४ व्या वर्षी वारला. आज आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींची तीव्रता ‘जान्स्की’ या एककात मोजतात.

ही कंपनी म्हणजे अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ, लोकांच्या तोंडी ए. टी. अँड टी., आणि जान्स्की जिथे नोकरीला होता ती तिची बेल लॅब्ज. या प्रयोगशाळेबद्दल पुष्कळ भाबडे लिहिले गेले आहे. हुशार माणसे गोळा करावीत, मोकळी सोडावीत, शोध आपोआप लागतात, असा त्याचा सूर असतो. जान्स्कीला कोणी मोकळे सोडले नव्हते. त्याला नेमका आणि रुक्ष प्रश्न दिला होता. प्रश्न धंद्याच्या पोटातला होता, उत्तर मात्र धंद्याच्या पार बाहेर निघाले. पुढच्या सत्तर वर्षांत हे वारंवार घडले, आणि म्हणूनच एका टेलिफोन कंपनीच्या पदरी खगोलशास्त्र, स्फटिकशास्त्र, धातुशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, संगणकशास्त्र असे नाना विषय जमा झाले. टेलिफोन ही वस्तूच तशी आहे. माणसाच्या तोंडापासून निघते, तारेतून, समुद्राच्या तळातून, हवेतून जाते आणि दुसऱ्या माणसाच्या कानापाशी संपते. वाटेत जिथे अडेल तिथे एक नवी विद्या लागते.

बेल लॅब्जची स्थापना १९२५ ची. अमेरिकेतले बहुतेक टेलिफोन तेव्हा ए. टी. अँड टी.च्या ताब्यात होते. सरकारने ही मक्तेदारी मान्य केली होती; त्या बदल्यात दरांवर सरकारी नियंत्रण होते. संशोधनाचा खर्च सेवेचा खर्च म्हणून हिशेबात धरला जाई, म्हणजे शेवटी तो ग्राहकाच्या बिलातून निघे. दर महिन्याला टेलिफोनचे बिल भरणाऱ्या कोट्यवधी लोकांनी नकळत भौतिकशास्त्राला वर्गणी दिली, असे म्हणायला हरकत नाही. प्रतिस्पर्धी नाही, पैसा ठरलेला, त्यामुळे विचार करायची मुदतही लांब. १९५६ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल टाकली गेली, तेव्हा तिच्यात जागोजागी आवाज पुन्हा मोठा करणारे व्हॉल्व्ह बसवले होते. ते समुद्रतळाशी वीस वर्षे बिनतक्रार चालले पाहिजेत, ही अट. दुरुस्तीला कोण जाणार? केबल १९७८ पर्यंत चालली. वीस वर्षांची हमी द्यायची तर पदार्थ आतून कसा झिजतो हे कळावे लागते, आणि ते कळण्यासाठी त्या विद्येतले पहिल्या प्रतीचे लोक लागतात.

व्हॉल्व्हवरूनच प्रयोगशाळेचे पहिले नोबेल आले. क्लिंटन डेव्हिसन व्हॉल्व्हमधल्या धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन आपटले की काय होते, हे पाहत असे. १९२५ साली त्याच्या निर्वात नळीत अपघाताने हवा शिरली आणि आतला निकेलचा तुकडा गंजला. गंज काढायला त्याने आणि सहकारी लेस्टर जर्मरने तो पुष्कळ तापवला. त्या तापण्यात निकेलचे बारीक कण एकत्र येऊन मोठाले स्फटिक झाले, आणि त्यानंतर इलेक्ट्रॉन वेगळ्याच रीतीने विखुरताना दिसू लागले. १९२७ पर्यंत उलगडा झाला: इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो, हे द ब्रॉय याचे कागदावरचे भाकीत नळीत उतरले होते. १९३७ चे नोबेल डेव्हिसनला इंग्लंडच्या जी. पी. टॉमसनबरोबर विभागून मिळाले.

ट्रान्झिस्टरची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यातल्या एका मागे राहिलेल्या माणसाबद्दल सांगतो. डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याच्या पत्र्याची दोन टोके अगदी जवळजवळ टेकवून आवाज मोठा करून दाखवला. शॉकली त्यांचा गटप्रमुख. तिघांना १९५६ साली नोबेल मिळाले. पण एक नमुना चालणे आणि लाखो नग सारखे चालणे यांत फार अंतर आहे. अर्धवाहकात नको ते अणू अब्जात एकदोन जरी उरले तरी त्याचा स्वभाव बदलतो, आणि इतके शुद्ध जर्मेनियम तेव्हा कुणाकडेच नव्हते. ही अडचण विल्यम फॅन याने सोडवली. हा गृहस्थ प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला होता आणि संध्याकाळच्या वर्गांत शिकून त्याने पदवी मिळवली होती. त्याने जर्मेनियमच्या कांडीचा एक अरुंद पट्टा वितळवला आणि तो वितळलेला पट्टा हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेला. अशुद्ध अणूंना घट्ट भागापेक्षा पातळ भागात राहणे सोयीचे जाते, म्हणून ते पट्ट्याबरोबर पुढे ढकलले जातात. असे वारंवार केले, की मळ एका टोकाला गोळा होतो. ते टोक कापून टाकायचे. या साध्या युक्तीशिवाय सुरुवातीचा ट्रान्झिस्टर उद्योग उभा राहिला नसता. नोबेलच्या यादीत फॅनचे नाव नाही.

सौरघटाचेही असेच. उष्ण आणि दमट प्रदेशांत, दूरच्या टेलिफोन यंत्रणेला वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्या लवकर खराब होत. दुसरा काही आधार शोधता शोधता चॅपिन, फुलर आणि पिअर्सन हे तिघे सिलिकॉनपाशी आले. एप्रिल १९५४ मध्ये त्यांनी दाखवलेला घट सूर्यप्रकाशातली सुमारे ६ टक्के ऊर्जा विजेत बदलत होता. टेलिफोनला तो परवडला नाही. चार वर्षांनी व्हॅन्गार्ड उपग्रह मात्र तसल्याच घटांवर अवकाशात चालू लागला.

माणसाचे बोटही या यंत्रणेचाच भाग, म्हणून बेल लॅब्जमध्ये मानसशास्त्रज्ञही होते. त्यांतला जॉन कार्लिन विशेष खट्याळ. टेलिफोनच्या दोरीत तांबे किती वाचवता येईल हे बघायला त्याने आपल्या सहकाऱ्यांच्या टेबलांवरच्या दोऱ्या, त्यांना न सांगता, दर थोड्या दिवसांनी इंच इंच कापायला लावल्या. फूटभर कमी होईपर्यंत कुणाच्या लक्षातही आले नाही. बटणांच्या टेलिफोनवर आकडे कसे मांडावेत, याच्याही चाचण्या याच विभागाने घेतल्या. गणकयंत्रावर ७-८-९ ही ओळ वर असते आणि फोनवर १-२-३, तो फरक तिथला. मोबाइलच्या काचेवर आजही तीच मांडणी आहे.

होल्मडेलला १९६४ साली पुन्हा खरखरच ऐकू आली. आर्नो पेंझिअस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे आता तिथे चक्क खगोलशास्त्रासाठी नेमलेले होते. जान्स्कीच्या वेळी जी गोष्ट कंपनीला परवडत नव्हती ती आता परवडत होती. उपग्रहाचे संदेश पकडायला बांधलेली, शिंगासारख्या आकाराची सहा मीटर तोंडाची अँटेना त्यांच्या हाती आली. तिच्यात साडेतीन अंश केल्विनच्या आसपास एक जादा कुरकुर होती, आणि ती कुठल्याही दिशेला, कुठल्याही ऋतूत तितकीच. न्यूयॉर्क शहराकडे अँटेना वळवून पाहिली. सांधे चिकटपट्टीने बंद केले. आत कबुतरांनी संसार थाटला होता. त्यांना हाकलले, विष्ठा धुऊन काढली. आवाज तसाच. तिथून साठेक किलोमीटरवर प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिक आणि त्याचे सहकारी विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा उरलेला अंश शोधायला यंत्र बांधत होते. फोनवर बोलणे झाले, आणि त्यांना शोधायची असलेली गोष्ट आधीच सापडल्याचे त्यांना कळले. पेंझिअस आणि विल्सन यांनी १९६५ साली छापलेल्या छोट्या टिपणाच्या शीर्षकात विश्वाचा उल्लेखही नाही. तिथे फक्त अँटेनाच्या जादा तापमानाचे मोजमाप आहे. १९७८ साली दोघांना नोबेल मिळाले.

बेल लॅब्जचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे, आणि त्याची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा होत नाही. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी, स्टॅनफर्डला डॉक्टरेट, आणि १९६१ साली बेल लॅब्ज. त्या वेळचे वायूचे लेसर प्रकाश देत, पण शक्ती किती, तर वॉटचे काही हजारावे भाग. हे लेसर एकेका अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या उड्यांवर चालत. पटेल यांनी अणू सोडून रेणू धरला. कार्बन डायऑक्साइडचा रेणू कंप पावतो, आणि त्या कंपनांच्या पायऱ्या इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्यांहून पुष्कळ ठेंगण्या असतात, त्यामुळे दिलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा प्रकाश होऊन परत मिळतो. खुबी पुढे आहे. शेजारी नायट्रोजन मिसळला, की विजेने नायट्रोजनचे रेणू कंप पावू लागतात. त्यांच्या कंपनाची पायरी कार्बन डायऑक्साइडच्या हव्या त्या पायरीशी जवळजवळ जुळते, म्हणून टक्कर होताच ऊर्जा या रेणूतून त्या रेणूत जाते. १९६४ साली हा लेसर जगापुढे आला आणि थोड्याच वर्षांत तो शेकडो वॉटपर्यंत पोचला. कारखान्यात पत्रा कापणारा आणि शस्त्रक्रियेत ऊतक छेदणारा लेसर आजही पुष्कळदा याच जातीचा असतो, त्याची १०.६ मायक्रॉनची लहर पाणी चटकन शोषून घेते, म्हणून शल्यविशारदाला तो सोयीचा. पटेल तिथेच थांबले नाहीत. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लेसरवर चालणारे मापनयंत्र फुग्यातून स्थितांबरात पाठवले आणि तिथले नायट्रिक ऑक्साइड मोजले. ओझोनच्या थराला कशाने धोका आहे, या वादात ते मोजमाप हवे होते. टेलिफोनचा इथे संबंध शोधू जाल तर दमाल.

आता पैशाची दुसरी बाजू. इतके सगळे शोध लावून कंपनीने ते दडवून का ठेवले नाहीत? काही दडवलेही. तिसाच्या दशकात क्लॅरेन्स हिकमन याने चुंबकीय फितीवर निरोप टिपणारे यंत्र प्रयोगशाळेत तयार केले होते. बोलणे नोंदले जाते म्हटल्यावर लोक फोनवर बोलायला कचरतील, या भीतीने कंपनीने ते बाजारात येऊ दिले नाही. मक्तेदारीची ही करणी विसरू नये. पण मोठे शोध बाहेर गेले, आणि त्यामागे औदार्यापेक्षा सरकारचा धाक अधिक होता. ट्रान्झिस्टर एकट्याने गिळायला गेलो तर सरकार कंपनीचे तुकडे करील, हे वरिष्ठांना दिसत होते. म्हणून १९५२ पासून २५,००० डॉलर आगाऊ घेऊन त्यांनी ट्रान्झिस्टरचा परवाना मागेल त्याला दिला. पुढे सोनी नावाने प्रसिद्ध झालेली एक लहानशी जपानी कंपनी त्यांतच होती. १९५६ साली मक्तेदारीविरोधी खटल्यात तडजोड झाली. तोवरची सुमारे आठ हजार पेटंटे विनामूल्य खुली करायची आणि टेलिफोनशिवाय दुसऱ्या धंद्यात पडायचे नाही, या तिच्या अटी. त्यामुळे १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली लिहायला घेतली, तेव्हा कंपनीला ती बाजारात उतरवताच येत नव्हती. किरकोळ शुल्क घेऊन मूळ लिखाणासकट ती विद्यापीठांना देण्यात आली. विद्यार्थ्यांनी ती उलगडून पाहिली, दुरुस्त केली, वाढवली. आजचे बहुतेक सर्व्हर आणि मोबाइल ज्या प्रणालींवर चालतात त्यांची कुळी तिथे पोचते.

१ जानेवारी १९८४ रोजी ए. टी. अँड टी.चे अखेर तुकडे झाले. स्थानिक टेलिफोन सेवा हातची गेली. बदल्यात संगणकाच्या धंद्यात शिरण्याची मोकळीक मिळाली. नेमक्या त्याच वर्षी बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकर यांची गणिती रीत प्रसिद्ध झाली. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीतून शिकून बर्कलीला गेलेले करमरकर तेव्हा विशीत होते. प्रश्न असा: विमाने, वैमानिक, मार्ग, इंधन अशा हजारो गोष्टींवर हजारो अटी आहेत, सगळ्या पाळून खर्च कमीत कमी कसा ठेवायचा? या अटी मिळून एक बहुमितीय पैलूदार आकृती होते आणि उत्तम उत्तर तिच्या एका कोपऱ्यावर असते. १९४७ ची डँट्झिगची सिम्प्लेक्स रीत कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाते. करमरकरांनी आकृतीच्या पोटातून वाट काढली, घाटाची वळणे सोडून बोगदा पाडावा तशी. दर पावलाला आकृतीचे असे रूपांतर करायचे, की आपण मध्यभागी येऊ. मग मोठे पाऊल टाकता येते. प्रश्न कितीही मोठा झाला तरी लागणारा वेळ आवाक्यात राहतो, हेही त्यांनी सिद्ध केले. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी पहिल्या पानावर छापली.

पण कंपनी आता बदलली होती. सिम्प्लेक्सच्या कैक पट वेगाचा दावा झाला आणि तो पडताळायला लागणारा तपशील मात्र बाहेर पडेना. गणिती मंडळी उघड कुरकुरू लागली. कंपनीने रीतीचे पेटंट मागितले, १९८८ साली ते मिळाले, आणि गणिताच्या रीतीवर मालकी सांगता येते का, हा वाद पेटला. तिच्यावर आधारलेली ‘कॉर्बेक्स’ नावाची महागडी यंत्रणा विकायला काढली. ती चालली नाही. तोवर जगभरच्या गणितज्ञांनी मूळ कल्पनेतून स्वतःच्या आवृत्त्या काढल्या होत्या. आज अशी गणिते सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्प्लेक्स आणि ही ‘आतून जाणारी’ रीत शेजारी शेजारी नांदतात. कल्पना जिंकली, पेटंटाने मालकाला फारसे दिले नाही.

नंतरची घसरण पटकन सांगण्यासारखी आहे. १९९६ साली बेल लॅब्ज ल्यूसंट या नव्या कंपनीकडे गेली. बेल लॅब्जच्या अध्यक्षपदी १९९९ साली मुंबईच्या आयआयटीचे अरुण नेत्रावळी आले. डिजिटल व्हिडिओच्या संकोचनात त्यांचे मूलभूत काम आहे. पण इंटरनेटच्या तेजीचा फुगा फुटला आणि ल्यूसंट गडगडली. २००२ साली यान हेंड्रिक श्योन या तिथल्या तरुण संशोधकाची लबाडी उघडकीला आली. नामांकित नियतकालिकांत त्याचे लेख धडाधड छापून येत होते. मग दोन निराळ्या प्रयोगांच्या आलेखांतली खरखर तंतोतंत एकसारखी असल्याचे काहींच्या लक्षात आले. खरी खरखर कधी दोनदा सारखी येत नाही. चौकशी समितीने तपासलेल्या २४ आरोपांपैकी १६ खरे ठरले. २००६ मध्ये फ्रान्सच्या अल्काटेलशी विलीनीकरण, २००८ मध्ये मूलभूत भौतिकशास्त्रातून माघार, २०१६ मध्ये नोकियाकडे हस्तांतर. नोबेल मात्र येतच राहिली, कारण त्यांच्यामागचे काम जुने होते: लुई ब्रुसच्या १९८३ च्या पुंज-बिंदूंचे फळ २०२३ साली मिळाले, आणि आर्थर ॲश्किनला प्रकाशाच्या चिमट्याने जिवाणू पकडल्याबद्दल २०१८ साली गौरवले गेले तेव्हा तो ९६ वर्षांचा होता.

आज अशी जागा कुणाची, असे विचारले की लोक गूगलच्या डीपमाइंडकडे बोट दाखवतात. पैसा जाहिरातींचा, आणि संशोधन बुद्धिबळापासून हवामानाच्या अंदाजापर्यंत पसरलेले. प्रथिनांची घडण ओळखणाऱ्या अल्फाफोल्डचा दुसरा अवतार तिने २०२१ साली खुला केला, २०२२ पर्यंत वीस कोटींवर प्रथिनांच्या रचना फुकट उपलब्ध करून दिल्या, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे निम्मे नोबेल तिच्या दोघांना मिळाले. दरम्यान याच ज्ञानातून औषधे शोधण्यासाठी त्या घरातली एक स्वतंत्र कंपनी निघाली होती. मे २०२४ मध्ये तिसरा अवतार ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा कोड दिलेला नव्हता. हजारावर शास्त्रज्ञांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. नोव्हेंबरात कोड मिळाला, फक्त शैक्षणिक वापरापुरता. ए. टी. अँड टी.ला १९५६ साली हेच करायला खटल्याने भाग पाडले होते, आणि तेव्हा धंदेवाल्यांनाही मनाई नव्हती.